पाहुण्यांची किती वाट पाहायची?

ताई, दिवाळीनंतर आम्ही बेसा भागात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. घर पाहायला म्हणून गेल्या शनिवारी मुलांसकट दहा-बारा जणांना रात्री जेवायला बोलावलं. महाल भागातून माझ्या नवऱ्याचे मोठे बाबा आणि मोठी आई (थोरले काका-काकू), आणि जरीपटका, कोराडी रोड या बाजूची नवऱ्याच्या ऑफिसमधली तीन जोडपी. सगळ्यांना ‘आठ वाजता या’ असं सांगितलं होतं. मोठे बाबा-मोठी आई सात वीसलाच आले, तेव्हा माझी आंघोळही व्हायची होती. ऑफिसचं एक जोडपं साडेआठला आलं, उरलेली दोन नऊ चाळीसला. मधल्या वेळात ‘ताटं करू का?’ असं मी दोनदा विचारलं. नवरा म्हणाला, ‘पाहुणे यायचे असताना जेवायला बसणं म्हणजे त्यांचा अपमान.’ ताटं सव्वादहाला वाढली. मोठ्या बाबांना शुगर आहे, त्यांनी आठच्या हिशोबाने इन्सुलिन घेतलं होतं. साडेनऊला त्यांना दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले. संत्रा बर्फीचे दोन तुकडे दिले तेव्हा बरं वाटलं. माझी दोन्ही मुलं सोफ्यावर उपाशीच झोपली. वडाभाताचे वडे गार, पोळ्या चिवट झाल्या. शेवटचे पाहुणे साडेबाराला गेले आणि मी रात्री एक वाजता ओट्याशी उभी राहून जेवले. सासूबाई म्हणतात, घरच्या बायका शेवटीच जेवतात, त्यात काय एवढं. आता येत्या शनिवारी मोठ्या बाबांना पुन्हा नीट जेवायला बोलवायचं आहे, आणि त्या दिवशी न जमलेलं ऑफिसमधलं चौथं जोडपंही आहे. मोठ्या आईंची त्या दिवशी संकष्टी आहे. वेळ कशी सांगू? उशीर झाला तर थांबू की वाढू? लवकर आलेल्यांचं काय करू? आणि बसून राहणाऱ्यांना कसं सांगू?
– स., बेसा, नागपूर

प्रिय स.,

आधी मोठ्या बाबांविषयी लिहिते. तुमच्या पत्रातल्या बाकीच्या गोष्टी चार दिवसांनी सोडवल्या तरी चालतील, ही नाही. दरदरून घाम आणि हातांची थरथर ही रक्तातली साखर उतरल्याची खूण असते. ती 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की धडधड होते, अंधारी येते, माणूस चिडचिडा होतो, असंबद्ध बोलायला लागतो, आणि तरीही पोटात काही गेलं नाही तर शुद्ध हरपते. जेवणाआधीचं इन्सुलिन कुणाला अर्धा तास आधी घ्यायला सांगितलेलं असतं, कुणाला अगदी ताटावर बसताना. एकदा टोचलं की ते आपल्या वेळेला कामाला लागतं. ताट समोर आलंय की नाही, हे ते पाहत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्यांचंही असंच आहे. मोठ्या बाबांनी तुमच्या घरच्या ‘आठ’वर विश्वास ठेवून इंजेक्शन घेतलं आणि सव्वादोन तास उपाशी बसून राहिले. मोठ्यांची पिढी ‘मला भूक लागली, वाढा’ असं पुतण्याच्या घरी कधीच म्हणणार नाही. म्हणून ते यजमानाने ओळखायचं असतं.

बर्फी दिलीत ते काहीच न देण्यापेक्षा चांगलं झालं. पण असा प्रसंग पुन्हा आलाच तर तीन-चार चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून द्या. बर्फीत खवा असतो, त्या स्निग्धपणामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पुन्हा पाहायचं, साखर वर आली नसेल तर तेवढंच पाणी परत द्यायचं, आणि वर आली की दुसऱ्या कुणासाठी न थांबता त्यांना जेवायला वाढायचं. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका, 108 ला फोन करा. त्या रात्री जे झालं ते त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालायला मोठ्या आईंना जरूर सांगा.

आता वेळेचं. तुम्ही सगळ्यांना एकच वाक्य सांगितलं, ‘आठ वाजता या’, आणि प्रत्येकाने ते आपल्या घरच्या रीतीने ऐकलं. महालातल्या मोठ्या बाबांसाठी आठ म्हणजे ताट. ते आठला जेवणारे, म्हणून गप्पांसाठी अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवून आले. त्यांचं सात वीसला येणं मला तरी लवकर वाटत नाही. ऑफिसच्या मंडळींसाठी आठ म्हणजे आता कपडे बदलून निघायला हरकत नाही. तुमच्या नवऱ्यासाठी आठ म्हणजे सगळे जमायला लागतील ती वेळ, ताटांचं पुढे बघू. यात खोटं कुणी वागलं नाही. जेवण कधी, हे कुणाला सांगितलंच नव्हतं.

म्हणून बोलावताना येण्याची वेळ सांगाच, पण त्याहून ठळक सांगा ती ताटं वाढण्याची वेळ. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर असं लिहा: ‘साडेसातपर्यंत या, आठ वाजता ताटं वाढणार आहोत. घरात मोठी माणसं आणि लहान मुलं आहेत, त्यामुळे जेवण आठलाच ठेवलं आहे.’ कारण दिलं की वेळ हुकुमासारखी वाटत नाही, आणि तुमचं कारण तर अगदी खरं आहे. हा निरोप ऑफिसच्या मंडळींना तुमच्या नवऱ्यानेच द्यायचा. तुम्ही दिला तर ती ‘वहिनींची शिस्त’ होते, त्यांनी दिला तर ती घराची रीत होते.

बोलावतानाच दोन प्रश्नही विचारून घ्या: काही पथ्य आहे का, आणि जेवणाची काही ठरलेली वेळ आहे का. नागपुरात एकाच टेबलाभोवती सावजी रस्सा ओरपणारा, चातुर्मासात कांदा-लसूण सोडलेला आणि सूर्यास्तानंतर न जेवणारा, असे तिघं सहज येऊन बसतात. इतवारीकडचं एखादं जैन कुटुंब चौविहार पाळत असेल तर डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास त्यांचं जेवण आटोपलेलं हवं, जूनमध्ये त्यांना जवळजवळ सातपर्यंत सवड असते. अशा पाहुण्यांना रात्री आठला बोलावून ‘थोडं तरी घ्या ना’ म्हणणं योग्य नाही. त्यांना दुपारी बोलवावं.

नवऱ्याच्या ‘अपमाना’बद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण सगळी गाठ तिथेच आहे. उशिरा येणाऱ्यासाठी जेवण रोखून धरणं ही आपली परंपरा आहे, असं त्यांना मनापासून वाटतं. पण आपल्याकडच्या पंगती आठवा. महालक्ष्म्यांच्या जेवणाचं उदाहरण घ्या, विदर्भात तर ते घरोघर असतं. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, आणि घरात माणूस मावत नाही इतके पाहुणे. नैवेद्य दाखवला की पहिली पंगत बसते. तिच्यात लहान मुलं, म्हातारी माणसं, लांब जायचं असलेले पाहुणे. मागाहून येणारा दुसऱ्या पंगतीला बसतो. व्याही असो की गावचा पाटील, ‘मी येईपर्यंत पहिली पंगत का उठवली?’ असं कुणी विचारत नाही, कारण दुसऱ्या पंगतीलाही तेच ताट, तीच गरम पोळी, तोच आग्रह. पंगतीची रीत आलेल्याला उपाशी ठेवत नाही आणि न आलेल्याला हिणवतही नाही. इतकी सोय आपल्या रीतीत असताना ती सोडून आपण हॉलमध्ये माणसं ताटकळत ठेवतो, हे मला फार खटकतं.

तुमच्या घरी त्या रात्री आलेले पाहुणे नव्हते का? मोठे बाबा वेळेवर आले. साडेआठचं जोडपंही, सांगितलेली वेळ पाहता, फारसं चुकलं नाही. त्या सगळ्यांना पावणेदोन ते सव्वादोन तास उपाशी बसवलं ते जे आले नव्हते त्यांच्या मानासाठी. हे नवऱ्याला शांतपणे विचारा, भांडण म्हणून नाही. माझा अंदाज आहे की मोठ्या बाबांचे थरथरणारे हात त्यांनीही पाहिले आहेत आणि ते त्यांच्याही मनाला लागलेलं आहे.

थांबायचं किती? पंधरा मिनिटं, फार तर वीस. त्याआधी एक फोन. पावणेआठला नवऱ्याने फोन करायचा आणि ‘निघालात का?’ असं न विचारता ‘कुठपर्यंत आलात?’ असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला ‘हो, निघूनच राहिलो’ हे उत्तर घरातल्या सोफ्यावरूनही देता येतं. दुसऱ्याला ठिकाण सांगावं लागतं. माणूस वर्धा रोडला लागला असेल तर वीस मिनिटं थांबा. अजून जरीपटक्यातच असेल तर म्हणा, ‘सावकाश या, गाडी जोरात चालवू नका. मोठ्या बाबांच्या औषधाची वेळ आहे म्हणून आम्ही त्यांना आणि मुलांना वाढतो, तुमचं ताट तयार आहे.’ येणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझंही याने उतरतं, कारण आपल्यासाठी दहा माणसं खोळंबली आहेत हे माहीत असलेला माणूस सिग्नल तोडत येतो. जरीपटका ते बेसा म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला येणं. शनिवारी संध्याकाळी सीताबर्डी ओलांडताना वेळ जातोच, त्याची सूट मनात धरा. हिवाळी अधिवेशन चालू असताना आडवारी बोलावलंत तर सिव्हिल लाइन्सच्या बाजूने येणाऱ्यांना आणखी थोडी.

आणि उशिरा आलेले दारात उभे राहिले की ‘किती उशीर!’ म्हणायचं नाही. हात धुवायला पाणी, बसायला जागा आणि गरम ताट. यजमानांपैकी एकाने त्यांच्यासोबत टेबलाशी बसायचं, म्हणजे ते एकटे जेवत आहेत असं वाटत नाही. त्यासाठी तुम्ही दोघांनी आधीच वाटणी करून घ्या: पहिल्या पंगतीला तुम्ही बसा, दुसरी नवरा सांभाळेल.

हो, तुम्ही पहिल्या पंगतीला. सासूबाईंचं म्हणणं मी मनावर घेतलं आहे. त्यांनी सगळं आयुष्य शेवटच्या पंगतीला काढलं असेल आणि त्याबद्दल कुणाला एक शब्द ऐकवला नसेल. त्याचा मान राखा. पण शेवटची पंगत बायकांची होती ती चुलीपाशी कुणीतरी लागायचंच म्हणून. एक बाई शेगडीवरून उठली की घास थांबायचा. आज तुमच्याकडे कॅसरोल आहे, मायक्रोवेव्ह आहे, आणि दोन हातांचा धडधाकट नवरा आहे. पंगतीत वाढायचं काम तर पुरुषांचंच असायचं. वरणाची बादली आणि तुपाचं भांडं घेऊन रांगेतून फिरणारे काका-मामा सगळ्यांनी पाहिले आहेत. तेव्हा नवऱ्याने वाढलं तर रीत मोडत नाही. सासूबाईंनाही आग्रहाने पहिल्या पंगतीला बसवा, मोठ्या आईंच्या शेजारी. त्या नको म्हणतील. दुसऱ्यांदा म्हणा.

हे जमायला स्वयंपाक त्या बेताचा हवा, आणि इथे तुमचा बेत चुकला. वडाभात हा वाट न पाहणारा पदार्थ आहे. भिजवलेल्या डाळी भरड वाटून केलेला वडा कढईतून निघाला की लगेच कुस्करून गरम भातावर घ्यायचा, वर हिंग-मोहरीच्या फोडणीचं तेल, सोबत कढी. अर्ध्या तासात तो वडा दगड होतो. सांबारवडीचंही (सांबार म्हणजे कोथिंबीर) तसंच, बाहेरचं आवरण मऊ पडलं की मजा गेली. हे पदार्थ घरातल्या चौघांसाठी करा, किंवा असे पाहुणे असतील तेव्हा करा जे ओट्याशी गप्पा मारत उभे राहतात.

वेळेचा भरवसा नसेल तर पाटवडी रस्सा करा. पाटवडी दुपारीच थापून होते. फोडणीच्या पाण्यात बेसन शिजवून, चांगली वाफ आणून, तेलाचा हात लावलेल्या ताटात थापायची, वर किसलेलं खोबरं, खसखस, सांबार भुरभुरायचा आणि सुरीने शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडून झाकून फ्रिजमध्ये ठेवायची. रस्सा वेगळा करायचा, आणि तो मुरला की आणखी चांगला लागतो. वड्या रश्शात आधी सोडायच्या नाहीत, त्या विरघळतात. ताट वाढताना वाटीत चार वड्या आणि वरून उकळता रस्सा. पहिल्या पंगतीला आठ वाजता जी चव, तीच दुसऱ्या पंगतीला साडेनऊला. भरलं वांगं, वरण, दाण्याची नाहीतर जवसाची चटणी, दही, सगळं थांबणारं. भात मात्र प्रत्येक पंगतीला ताजा लावा, छोट्या कुकरला पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

पोळ्या चिवट झाल्या असं तुम्ही लिहिलं आहे. तव्यावरची पोळी तशीच डब्यात गेली की वाफेचं पाणी होतं, खालच्या पोळ्या ओल्या होतात आणि वरच्या सुकतात. तव्यावरून काढली की अर्धा मिनिट जाळीवर ठेवा, तुपाचा किंवा तेलाचा हात लावा, मग सुती फडक्यात गुंडाळून कॅसरोलमध्ये. कणकेत थोडं तेल आणि कोमट दूध घातलं तर दोन तासांनीही मऊ राहतात. पोळ्यांना बाई येत असतील तर त्यांना सातला बोलवा आणि पावणेआठला मोकळं करा, त्यांनाही घरी स्वयंपाक आहे.

मे महिन्यातही तुम्ही पाहुणे बोलवाल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. पारा 45 च्या वर गेलेला असताना ओट्यावर अन्न ठेवणं धोक्याचं. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासाहून जास्त नाही. भाताच्या बाबतीत तर फारच जपा. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उन्हाळ्यात सगळे येईपर्यंत थांबू म्हणणाऱ्याला हे एवढं एक कारण पुरे आहे.

लवकर आलेल्यांकडे येते. मोठी माणसं लवकरच येणार, हे धरून चाला. आठला ताटं असतील तर सातला घर तयार हवं. म्हणजे तुमची आंघोळ, मुलांचे कपडे, नवऱ्याची दाढी, सगळं. राहिलंच तर पाहुण्यांपाशी नवऱ्याने बसायचं, तुम्ही नाही. लवकर आलेल्यांना पाणी, भाजलेले फल्लीदाणे आणि घर दाखवणं एवढं पुष्कळ झालं. सातला चहा-चिवडा-गुलाबजाम मांडलात तर आठला कुणाला भूक राहत नाही. हे समवयस्कांना मात्र लागू नाही. मित्रमंडळींनी सांगितलेल्या वेळेच्या आधी कुणाच्या दारात उभं राहू नये, दहा मिनिटं खाली पार्किंगमध्ये थांबावं.

मुलांना त्यांच्या नेहमीच्या वेळी जेवू घाला, सात-सव्वासातला. नंतर सगळ्यांसोबत त्यांनी पुन्हा दोन घास खाल्ले तर उत्तमच.

नवऱ्याच्या मित्रांचं ‘बसणं’ आणि घरचं जेवण एका संध्याकाळी ठेवू नका. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण ज्या घरांतून ताटं अकराला वाढली जातात त्यातल्या बऱ्याच घरांत कारण हेच असतं, आणि बायका ते लिहायला संकोचतात. मित्रांची बैठक वेगळ्या दिवशी, त्या दिवशीचं खाणं बाहेरून.

आग्रहाबद्दल. आपला वैदर्भीय आग्रह प्रेमाचा आहे, तो टिकावा असं मला वाटतं. पण तो एकदा करावा, आणि पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला की थांबावं. मधुमेह असलेल्या माणसाच्या ताटात ‘एका जिलबीने काय होते’ म्हणत वाढणारे त्याला सगळ्यांसमोर स्वतःचा आजार समजावून सांगायला लावतात. मोठ्या बाबांना वाढताना मोठ्या आईंकडे एकदा पाहा, त्या डोळ्यांनीच सांगतील.

कुणी न सांगता आपल्यासोबत भाचा नाहीतर मेव्हणा घेऊन आला तर त्याला हसून आत घ्या आणि भात वाढवा. त्यावर आणखी विचार करू नका.

उठण्याचं आता. जेवणानंतर तासभर गप्पा ही पाहुण्यांचीही हौस असते आणि आपलीही. पण साडेदहा झाले की बडीशेप-सुपारीचं तबक फिरवा, रिकामे पेले उचला आणि चहा-कॉफी विचारू नका. विचारलं की आणखी एक तास जातो. तेवढ्यानेही कुणी हललं नाही तर यजमानाने सरळ बोलावं: ‘आज फार छान वाटलं. सकाळी मुलांचा क्लास आहे, पुढच्या वेळी आपण लवकर जमू.’ यात उद्धट काही नाही. पाहुणे मेट्रोने आले असतील तर शेवटच्या गाडीची वेळ आधीच पाहून त्यांना आठवण करून द्या. मोठ्या बाबांना महालापर्यंत कोण सोडणार, हे मात्र त्यांना बोलावतानाच ठरलेलं हवं. थंडीत रात्री दहाला बेसा चौकात उभं राहून त्यांनी ऑटो शोधू नये.

राहिला येता शनिवार. तो बदला, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. मोठ्या आईंचा उपास चंद्रोदयानंतर सुटणार, मोठ्या बाबांनी वेळेवर जेवायला हवं. एकाच घरातली दोन माणसं दोन वेळांना बांधलेली असताना तुम्ही कुठल्याही वेळी ताटं वाढलीत तरी एकाची गैरसोय होणारच. शिवाय संकष्टीला कांदा-लसूण नाही, म्हणजे पाटवडी रस्साही गेला. पुढे कधी संकष्टीलाच बोलवायची वेळ आली तर चंद्रोदय नागपूरचा पाहा. बऱ्याच कॅलेंडरांत मुंबईची वेळ छापलेली असते आणि आपण ती धरून बसतो. आपण मुंबईच्या बरेच पूर्वेला आहोत, इथे चंद्र वीस ते तीस मिनिटं आधी उगवतो, तेवढा वेळ उपास धरलेली बाई उगीच उपाशी राहते.

शनिवारऐवजी रविवारी दुपारी बोलवा, साडेबाराला ताटं. मोठ्या आईंना विचारून मोठ्या बाबांची दुपारची औषधं कधी असतात ते आज-उद्याच समजून घ्या, आणि लागली तर वेळ तशी पंधरा मिनिटं पुढे-मागे करा. ऑफिसचं चौथं जोडपंही तेव्हाच येऊ दे, दिवसाउजेडी यायला त्यांनाही सोपं. डिसेंबरातली दुपार आहे, जेवण झाल्यावर खुर्च्या बाल्कनीत उन्हाला टाका. आंबिया बहाराची संत्री सध्या बाजारात आहेत, मिठाई आणण्यापेक्षा तीच सोलून मधोमध ठेवा. मोठ्या बाबांनी त्यातल्या किती फोडी खायच्या, ते मोठ्या आई सांगतील.